बर्फाच्या गावी आधी खोली शोधा



आमची थोरली नात लष्करातून सुटल्यावर २०२५ साली न्यूझीलंडला गेली आणि बर्फाच्या हंगामात पाच महिने काम करून परत आली. ही बातमी समाजात पसरल्यापासून आम्हां उभयतांना शिकूनच्या जिन्यात, बाजारात, लग्नाच्या हॉलमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो : "आमच्या नातवालाही जायचं आहे. काम मिळतं का? पगार किती देतात?" प्रत्येकाला उभ्याउभ्या सांगणे होत नाही, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

बर्फाशी आमची स्वतःची ओळख हेर्मोन पर्वतावरच्या एका सहलीपुरतीच. पण पाच महिने रोज रात्री आम्ही फोनवर नातीचे सारे ऐकले. तिचे कागद तिच्याकडून वाचून घेतले, तिचा हिशेब आमच्या वहीत मांडला. त्यातून जे कळले ते इथे देत आहोत. सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. काम मिळते. मिळत नाही ती झोपायला जागा.

बाळगोपाळांनो, आधी नकाशा काढा. इस्राएलवरून बोट खाली उजवीकडे न्या, ऑस्ट्रेलियाही ओलांडा. तिथे समुद्रात दोन लांबट बेटे दिसतील, ते न्यूझीलंड. आपल्याकडे जुलैत घामाच्या धारा लागतात तेव्हा तिथे कडाक्याची थंडी असते. असे का? आपली पृथ्वी जराशी कलून सूर्याभोवती फिरते. जून-जुलैत तिचा वरचा अर्धा भाग सूर्याकडे झुकलेला असतो आणि खालचा अर्धा दूर गेलेला असतो. सहा महिन्यांनी उलट होते. म्हणून आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा.

खालच्या बेटावर वाकाटिपू नावाचे सरोवर आहे, सुमारे ८० किलोमीटर लांब. त्याच्या काठी क्वीन्सटाउन हे गाव वसले आहे. गावाभोवती डोंगर आणि डोंगरांवर बर्फ. इथल्या कोरोनेट पीक डोंगरावर १९४७ साली दोरीने माणसांना वर ओढून नेण्याची सोय झाली आणि बर्फावरून घसरण्याच्या खेळाचा, म्हणजे स्कीइंगचा, तिथे धंदा सुरू झाला. पलीकडच्या रिमार्केबल्स डोंगरावर १९८५ साली अशीच सोय झाली. वानाका गावाच्या वाटेवर कार्ड्रोना म्हणून तिसरे ठिकाण आहे. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत हा सारा हंगाम चालतो. तेवढ्या काळात जगभरचे प्रवासी येतात आणि त्यांची सरबराई करायला जगभरची तरुण पोरेही येतात.

कामे कसली असतात? डोंगरावर लिफ्ट चालवणे, तिकिटे देणे, बूट आणि फळ्या भाड्याने देणे, उपाहारगृहात भांडी घासणे, लहान मुलांना सांभाळणे, मोटारी ओळीने उभ्या करणे. रात्री थंडी पुरेशी पडली की पाण्याचे तुषार उडवून बर्फ तयार करतात, त्यालाही माणसे लागतात. स्की शिकवायची असेल तर मात्र प्रमाणपत्र हवे. खाली गावात हॉटेलात खोल्या आवरणे, चादरी धुणे, स्वयंपाकघरात मदत, दुकानात माल लावणे अशी कामे असतात. यातल्या बऱ्याच कामांना अनुभव लागत नाही. हातपाय हलवायची तयारी आणि समजेल इतके इंग्रजी असले की पुरते.

वेळेचे गणित मात्र सांभाळावे लागते. हंगाम जूनमध्ये सुरू होतो, पण डोंगरावरच्या कंपन्या माणसे जानेवारी ते मार्चमध्येच ठरवू लागतात. मुलाखत घरबसल्या संगणकावर होते. त्याआधी परवाना हवा. प्रवासी व्हिसावर काम करता येत नाही, ते बेकायदा ठरते. इस्राएलच्या १८ ते ३० वर्षांच्या मुलांसाठी सुट्टी आणि काम असा एकत्र व्हिसा आहे, पण जागा मोजक्या. अर्ज कधी उघडतात यावर आधीपासून डोळा ठेवावा लागतो. तिथे पोचल्यावर कर खात्याचा नंबर घ्यायचा. तो नंबर मालकाला दिला नाही तर पगारातून ४५ टक्के कर कापतात! आमच्या नातीने तो पहिल्याच आठवड्यात घेतला.

तिला फेब्रुवारीतच काम मिळाले होते. डोंगरावर लिफ्टपाशी उभे राहायचे, रांगेतल्या माणसांना खुर्चीवर नीट बसवायचे, लहान मूल आले की लिफ्ट हळू करायची आणि पायाखालचा बर्फ फावड्याने सारखा करायचा. पोरगी आनंदाने नाचत होती. "आजी, काम पण आणि स्की पण! पासचे पैसे नाहीत!"

आजीने विचारले, "आणि झोपशील कुठं?"

"बघू गं तिथं गेल्यावर."

इथेच सारी गोम आहे. युरोपात बऱ्याच ठिकाणी हॉटेले डोंगरावर बर्फातच असतात आणि नोकराला कामासोबत खाटही मिळते. क्वीन्सटाउनला तसे नाही. बर्फ वर आणि घरे खाली. संध्याकाळी लिफ्ट थांबली की डोंगर रिकामा होतो आणि सगळे बसने गावात उतरतात. म्हणजे नोकरी देणारा एक आणि खोली देणारा दुसरा. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

आणि गाव कसे? एका बाजूला सरोवर, बाकी बाजूंना डोंगर. पसरायला जागा कमी. बरीच घरे श्रीमंतांची सुट्टीपुरती, वर्षातला बराच काळ कुलूपबंद. बरीच घरे प्रवाशांना रोजाच्या भाड्याने दिलेली, कारण त्यात पैसा जास्त. कोरोनाच्या साथीनंतर २०२२ साली देशाच्या सीमा पुन्हा उघडल्या, माणसे परत आली आणि २०२३ साली तर कामाला असलेली माणसे मोटारीत आणि तंबूत झोपतात अशा बातम्या येत होत्या. हातात नोकरी, अंगावर कंपनीचे जाकीट आणि रात्री मोटारीत झोप! आपल्याला पटत नाही, पण असे घडले आहे.

नात मे महिन्यात पोचली. फर्नहिल नावाच्या चढावरच्या वस्तीत एका घरात तिला खोली मिळाली. घरात पाच पोरे-पोरी, भाडे आठवड्याला ३०० डॉलर. तिथे भाडे महिन्याने नाही, आठवड्याने मोजतात. आम्ही फोनवर "सिमान तोव्ह" म्हणालो आणि निश्चिंत झालो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, ज्याच्या नावावर घर होते तो मुलगा दुसऱ्या गावी निघून गेला. घरमालकाने घर परत मागितले. नातीचे नाव मालकाच्या करारावर नव्हते. तिथल्या कायद्याप्रमाणे ज्याचे नाव करारावर तोच भाडेकरू. त्याच्या घरात खोली घेऊन राहणारे बाकीचे सगळे नुसते सोबती आणि सोबत्यांना भाडेकरू कायद्याचे संरक्षण नाही. चार दिवसांत सामान उचलावे लागले. गेलेल्या मुलाकडे तिचे दोन आठवड्यांचे आगाऊ भाडे अडकले होते. तो फोन उचलेना.

मग ती हॉस्टेलमध्ये गेली. एका खोलीत आठ खाटा, एका खाटेचे रात्रीला ५५ डॉलर. आता आमच्या वहीतला हिशेब पाहा. २०२५ च्या हंगामात तिथे तासाला कमीत कमी पगार २३.५० डॉलर होता. आठवड्याला ३० तास काम धरले तर ७०५ डॉलर. कर आणि सरकारी अपघात विमा कापून हातात साधारण ५९० डॉलर. हॉस्टेलचे सात रात्रींचे ३८५. उरले २०५, त्यात जेवण, बस, फोन, साबण. आणि हे ३० तास मिळाले तर! बर्फ उशिरा पडला किंवा वादळाने डोंगर बंद राहिला की ज्याच्या करारात तास लिहिलेले नसतात त्याला घरी बसवतात. नातीचे तर अजून शिकवण्याचे दिवस चालू होते, पूर्ण काम सुरूच झाले नव्हते.

त्यातच १३ जूनला इराणशी युद्ध सुरू झाले. लोदचा विमानतळ बंद झाला, विमाने थांबली. पोरीला घरी परत यायचे म्हटले तरी वाट नव्हती. आम्ही बेर शेवाला राहतो. आमच्या जुन्या इमारतीत घरात सुरक्षित खोली नाही, भोंगा वाजला की तीन जिने उतरून मिकलातमध्ये जावे लागते. तिच्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा आमच्याकडे आदल्या रात्रीचे दहा. ती कामावर निघण्यापूर्वी फोन करी. "आजोबा, तुम्ही दोघं खाली आहात ना?" आम्ही विचारू, "तुला खोली मिळाली का?" ती म्हणे, "मिळेल." आम्ही म्हणू, "आवाज लांब आहे, काळजी करू नको." असे ते दिवस काढले. २४ जूनला युद्ध थांबले.

त्या रात्री मिकलातमध्ये बसून आम्हां दोघांना आमचे १९६८ साल आठवे. लग्नाला एक वर्ष झाले होते. मुंबईहून विमानाने आलो, भाषा येत नव्हती, ओळखीचे कोणी नव्हते. पण सोखनुतच्या माणसाने पहिल्याच रात्री हातात किल्ली दिली. दोन लोखंडी खाटा, गाद्या, घोंगड्या आणि एक चूल. काम त्यानंतर सहा आठवड्यांनी मिळाले. ते सहा आठवडे पोट अर्धे होते, पण दार लावून घेता येत होते. भांडायला, रडायला आणि दुसऱ्या दिवशी तोंड धुऊन काम शोधायला जायला आपली म्हणून चार भिंती होत्या. आमच्या पिढीच्या तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्या खऱ्या आहेत. तरी ज्याच्यापाशी किल्ली आहे तो तग धरतो हे आम्ही अंगाने शिकलो. म्हणून नातीला आजोबांनी सांगितले, "बाळ, आधी खाट बघ. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. तुला तर अंथरूणच नाही."

जूनच्या अखेरीस तिच्यासमोर दोन वाटा आल्या. एक, लिफ्टचे काम धरून ठेवायचे, हॉस्टेलमध्ये राहायचे आणि खोली मिळेल म्हणून वाट पाहायची. दुसरी, गावातल्या एका हॉटेलात खोल्या आवरण्याचे काम घ्यायचे. तिथे करारात आठवड्याला ३५ तास लिहिलेले आणि नोकरांच्या घरात दोघींच्या खोलीत एक खाट, आठवड्याला २१० डॉलर. पण मग डोंगर गेला, फुकटचा पास गेला, रंगीत जाकीट गेले. ज्या बर्फासाठी इतक्या दूर गेली तो खिडकीतून पाहायचा आणि दिवसभर लोकांच्या चादरी बदलायच्या.

पोरगी फोनवर रडली. म्हणाली, "चादरी बदलायला मी इतक्या लांब आले का?" आजी म्हणाली, "मी पंचवीस वर्षं इस्पितळात चादरी बदलल्या, तुझ्या आईचं शिक्षण त्याच्यातून झालं. पण निर्णय तुझा. आम्ही जोर करणार नाही."

दोन दिवस तिने विचार केला आणि हॉटेलचे काम घेतले. भाडे पगारातून कापायचे होते. पगारातून असे पैसे कापायला कामगाराची लेखी संमती लागते असा तिथला कायदा आहे. तिने कागद नीट वाचून मग सही केली. लिफ्टच्या लोकांना आठवडाभर आधी सांगून चांगल्या शब्दांत निरोप घेतला.

पुढचे तीन महिने कसे गेले? पहिल्या महिन्यात पाठ दुखली. मग हात बसला. सोबतीला जपानची एक मुलगी होती. तिने नातीला भात शिजवायला शिकवला म्हणे, जसा काही आमच्या घरी भात शिजतच नाही! मग नातीने तिला आपली आमटी करून घातली. सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून नात कोरोनेट पीकला गेली, पडली, उठली, पुन्हा पडली. तिथे काही रात्री दिवे लावून स्कीइंग चालते, तेही पाहून आली. सप्टेंबरअखेर हातात थोडे पैसे शिल्लक होते. त्या मुलाकडचे दोन आठवड्यांचे भाडे मात्र परत आले नाही ते नाहीच.

आता नातवंडांना पाठवू पाहणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी सांगतो.

एक. खोली न पाहता कोणालाही पैसे पाठवू नका. फोटो सुंदर असतात. पोचल्यावर पहिल्या दोन आठवड्यांची राहायची सोय आधी करून ठेवा आणि तेवढे पैसे वेगळे बांधा.

दोन. शक्य तर मुलाचे नाव घरमालकाच्या करारावरच येऊ द्या. मग अनामत रक्कम चार आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि मालकाने ती सरकारी कार्यालयात जमा करायची असते. सोबती म्हणून राहायचे असेल तर निदान एका कागदावर लिहून घ्या : भाडे किती, घर सोडायला किती दिवस आधी सांगायचे, आगाऊ पैसे कोणाकडे. आणि पावती घ्या.

तीन. नोकरीचा करार लेखी असतोच, असायलाच हवा. त्यात आठवड्याला किती तास पक्के आहेत ते शोधा. तासाचा पगार चांगला आणि तासच नाहीत, तर काय उपयोग?

चार. बस कुठून जाते ते पाहून मग खोली घ्या. जूनमध्ये सकाळचे आठ वाजले तरी तिथे अंधार असतो आणि रस्त्यावर बर्फाचा पातळ काच झालेला असतो. फ्रँकटन भागात बस मिळतात आणि दुकानेही जवळ आहेत.

पाच. तिथली जुनी घरे थंडगार असतात. भाड्याच्या घरात बैठकीची खोली १८ अंशांपर्यंत तापवता येईल असे यंत्र बसवणे आता मालकाला बंधनकारक आहे. झोपायच्या खोलीला मात्र हा नियम नाही. नातीने सगळ्यात आधी विजेची गरम चादर घेतली. भिंतीवर काळी बुरशी दिसली तर ती खोली घेऊ नका.

सहा. अपघात झाला तर तिथली सरकारी योजना परदेशी माणसाचाही उपचार करते. आजारपणाचे मात्र तसे नाही. विमा काढल्याशिवाय पाठवू नका.

सात. शनिवार-रविवारी बर्फावर गर्दी जास्त, म्हणून सुट्टी त्या दिवशी मिळेलच असे नाही. ज्याला शब्बाथ पाळायचा आहे त्याने मुलाखतीतच स्पष्ट बोलावे. गावातल्या कामात अदलाबदल करून घेणे त्यातल्या त्यात सोपे, असा नातीचा अनुभव.

आठ. ही गोष्ट खास आज्यांसाठी! बॅगेत चिवडा, मसाला, लोणचे भराल, भरा. पण विमानतळावर उतरण्याआधी जो कागद भरायचा असतो त्यात सगळे खाद्यपदार्थ लिहायला सांगा. न सांगता नेले आणि सापडले तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. सांगून टाकले तर दंड नाही. आमच्या डब्यांपैकी काही अधिकाऱ्याने हसून परत दिले, काही ठेवून घेतले. चढायचे बूटही धुऊन न्यावे, मातीचा कण चालत नाही.

लहान मुलांनो, तुम्हांला अजून पुष्कळ वर्षे आहेत. पण आतापासून तीन गोष्टी शिकून ठेवा : आपली चादर आपण घालणे, भात-आमटी शिजवणे आणि पैशांचा हिशेब लिहिणे. जगात कुठेही गेलात तरी या कामी येतील.

आणि आमच्या वयाच्या मंडळींना एक विनंती. नातवंड येऊन म्हणेल, "मला काम मिळालं!" त्याला मिठी मारा, पेढा भरवा. मग शांतपणे विचारा, "बाळ, झोपणार कुठं? किल्ली कोणाकडं आहे?" त्याचे उत्तर नीट मिळाले की पगाराचे विचारा. तरुण पोरांना हा प्रश्न आधी सुचत नाही. आपल्याला सुचतो, कारण आपण पेटी घेऊन परक्या दारात उभे राहिलेले लोक आहोत.

नातीला विचारले, पुन्हा जाशील का? म्हणाली, "जाईन. पण या वेळी आधी खोली, मग तिकीट."